आम्ही घराची बोली लावतो

आमच्या घरी लिलावात घेतलेली एकच वस्तू आहे, ती म्हणजे एक पितळी घंगाळ. आजोबांनी ते तालुक्याच्या कचेरीपुढे कुणाच्या तरी जप्तीत घेतले. आजी सांगायची, की बेलिफाने 'एकवार, दोनवार' म्हटले आणि 'तीनवार' तोंडातून निघायच्या आत यांचा हात आपोआप वर गेला! घंगाळ घरी आले. पण त्याच्या काठावर मूळच्या घरधनिणीचे नाव कोरलेले होते. आजीने त्यात कधी पाणी काढले नाही. ते माळ्यावर गेले, आणि पुढे आम्ही दोन घरे बदलली तरी माळ्यावरच राहिले.

गेल्या दिवाळीत पुतण्या आणि सूनबाई फराळाला आली. चकलीचा तुकडा मोडता मोडता पुतण्या म्हणाला, "काका, आम्ही लिलावात घर घ्यायचं म्हणतोय." मला एकदम ते घंगाळ आठवले. आमच्या सौभाग्यवतींनाही आठवले असावे, कारण त्या लाडवांची बशी घेऊन येत होत्या त्या मध्येच थांबल्या.

माझी चौतीस वर्षे हिशेबखात्यात गेली. नातेवाइकांना माझी आठवण दोनच वेळी होते. आयकराचे कागद भरताना आणि घर घेताना. तेव्हा या प्रकरणाचे दप्तर माझ्याकडे आले, ही काही नवलाची गोष्ट नव्हती.

आता हा लिलाव म्हणजे मांडव, हातोडा आणि दवंडी असे काही नसते. जो तो आपल्या घरी संगणकापुढे बसतो. बँकेचे गृहकर्ज किंवा धंद्याचे कर्ज थकले, की २००२ सालच्या सरफेसी कायद्याप्रमाणे बँकेला दिवाणी दावा न लावता गहाण घर विकता येते. आधी कर्जदाराला साठ दिवसांची नोटीस. मग घराचा ताबा. मग मूल्यनिर्धारकाचा अहवाल घेऊन राखीव किंमत ठरवायची आणि दोन वर्तमानपत्रांत जाहिरात द्यायची. त्यातले एक स्थानिक भाषेतले असावे लागते. पहिल्या विक्रीला तीस दिवसांची मुदत असते. ती विक्री फसली तर पुढच्या वेळी पंधरा दिवस पुरतात. सरकारी बँकांची अशी घरे एके ठिकाणी पाहता यावीत म्हणून जानेवारी २०२५ मध्ये 'बँकनेट' नावाचे संकेतस्थळ सुरू झाले. पुतण्या रोज रात्री जेवण झाले, की त्यावर घरे पाहत बसे. पूर्वी मुली पाहायला जात तसेच हे. फोटो एक, प्रत्यक्ष दुसरे.

त्या जाहिरातींची मराठी भाषा हा एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे. 'जसे आहे जेथे आहे, जसे आहे जे आहे, जे काही आहे तेथे आहे तत्त्वाने' घर विकले जाईल, असे त्यात असते. सौ.नी हे दोनदा मोठ्याने वाचले आणि विचारले, "हा मंत्र आहे का हो?" मंत्र नव्हे, पण सगळा प्रकार त्यात आहे खरा. घरावर सोसायटीची थकबाकी असेल, विजेचे बिल असेल, भिंतीत ओल असेल, आत कुणी राहत असेल, तर ते सगळे तुम्ही पाहून घेतले आहे असे धरले जाते. मागाहून 'आम्हांला ठाऊक नव्हते' ही सबब चालत नाही.

आम्ही पाहिलेले पहिले घर मुलुंडला होते. पाहणीचा दिवस जाहिरातीत छापलेला होता. बँकेचा माणूस खालीच थांबला आणि आम्ही चौघे वर गेलो. दार उघडले ते माझ्याच वयाच्या एका गृहस्थांनी.

"या, बघून घ्या," ते म्हणाले. "या महिन्यात तुम्ही चौथे."

घर स्वच्छ होते. आतल्या खोलीत एक मुलगी अभ्यास करीत होती, ती आम्हांला पाहून वही घेऊन स्वयंपाकघरात गेली. गृहस्थांनी आपण होऊन सांगितले, "मुलानं छापखान्यासाठी कर्ज काढलं. घर माझ्या नावावर, सही माझी. छापखाना चालला नाही." त्यांच्या पत्नीने आम्हांला पाणी आणून दिले. ते पाणी पिताना मला जेवढा संकोच वाटला तेवढा उभ्या आयुष्यात कुणाकडे पैसे मागतानाही वाटला नसेल.

जाहिरातीत त्या घरापुढे 'प्रतीकात्मक ताबा' असे दोनच शब्द होते. त्यांचा अर्थ असा, की बँकेने दारावर कागद डकवला, वर्तमानपत्रात छापला, पण माणसे आतच आहेत. ती बाहेर काढायची तर बँकेने दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. कर्जदारालाही कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. या साऱ्याला किती महिने लागतील हे कुणी छातीवर हात ठेवून सांगत नाही. आणि तोवर तुमचे पैसे बँकेत, तुम्ही भाड्याच्या घरात! म्हणूनच अशा घरांची राखीव किंमत बाजारभावापेक्षा बरीच खाली दिसते. स्वस्ताईचे कारण घरातच बसलेले असते.

पुतण्या हिशेबी आहे. जिना उतरताना म्हणाला, "काका, बोली जास्त गेली तर कर्ज फिटून उरलेली रक्कम कायद्यानं त्यांनाच मिळते. कुणीतरी घेणारच आहे." हे त्याचे म्हणणे खरे होते. पण सौ. जिन्याच्या वळणावर थांबून एवढेच म्हणाल्या, "ते घंगाळ अजून माळ्यावर आहे." मुलुंडचे घर तिथे संपले.

ज्या घराचा बँकेने प्रत्यक्ष ताबा घेतला आहे, कुलूप-मोहोर केली आहे, तेच पाहायचे असे मग ठरले. अर्थात त्या घरातूनही कुणीतरी उठूनच गेलेले असते. फरक एवढाच, की ते आपल्याला पाणी देत नाहीत. हे मी मनात म्हटले, बोललो नाही. कारण सूनबाईंना घर हवे होते आणि त्यांचे भाड्याचे अकरा महिने संपत आले होते.

असे घर भांडूपला मिळाले. दुसरा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. इमारत जुनी पण बांधकाम भक्कम. राखीव किंमत ६४ लाख. तिच्या दहा टक्के, म्हणजे ६ लाख ४० हजार रुपये, लिलावाआधी भरायचे. जाहिरातीत याला 'इसारा अनामत रक्कम' म्हणतात. बोली हुकली तर ती परत मिळते, पण बिनव्याजी. बोली दर खेपेस निदान ५० हजारांनी वाढवायची.

आणि इथे मी पेन्सिल हातात घेतली. दोघांची शिल्लक, सूनबाईंच्या माहेरचे दागिने, माझ्याकडचे थोडे आणि मिळू शकणारे कर्ज, सगळे मिळून जमत होते ८० लाख. पुतण्या म्हणाला, "म्हणजे ७५ पर्यंत जाऊ." सगळे जण इथेच चुकतात. पडद्यावर दिसते ती बोली. घराची किंमत कुठेच दिसत नाही, ती आपली आपण मांडावी लागते.

विक्री प्रमाणपत्रावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. मुंबईत ते सहा टक्के. नोंदणी फी एक टक्का, पण तीस हजारांच्या वर नाही. सोसायटीच्या सचिवांना जाऊन भेटलो. गृहस्थ भले होते. त्यांनी वही उघडून थकबाकी दाखवली, २ लाख ८५ हजार! मूळ रक्कम निम्मीच असेल, बाकीचे व्याज. सोसायट्यांना थकबाकीवर सालीना २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावता येते, आणि रिकाम्या घराचे बिल कुणी भरीत नाही, तेव्हा ती रक्कम बंद खोलीत आपोआप वाढत असते. हस्तांतर अधिमूल्य २५ हजार, वर हस्तांतर फी पाचशे आणि प्रवेश फी शंभर. मीटर काढून नेलेले होते, विजेची बाकी ४१ हजार. 'ती जुन्या मालकाची, आपला काय संबंध?' असे पुतण्याने विचारले. संबंध असा, की अशी बाकी भरल्याशिवाय नवी जोडणी न देण्याचा नियम वीजकंपनी करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये ठरवून दिले आहे. आणि 'जसे आहे जेथे आहे' म्हणून घेतल्यावर कानांवर हात ठेवता येत नाहीत. वकिलांनी तीस वर्षांच्या नोंदी तपासायचे आणि कागदपत्रांचे मिळून वीस हजार सांगितले. ते मी एका पैशाचीही घासाघीस न करता मान्य केले. घासाघीस करण्याची ती जागा नव्हे. रंग, नळ, मोरी यांचे धरले दीड लाख.

बोली ७० लाख ५० हजारांवर नेली तर वरचा खर्च येत होता ९ लाख ७४ हजार ६००. म्हणजे रुपयामागे जवळजवळ चौदा पैसे! एकूण ८० लाख २४ हजार ६००. वरचे चोवीस हजार सौ.नी आपल्या डब्यातून द्यायचे कबूल केले आणि आमची मर्यादा ठरली. ७०,५०,०००. हा आकडा मी वहीच्या कागदावर अक्षरी आणि अंकी लिहिला, खाली चौघांच्या सह्या घेतल्या. पुतण्या हसला. हसू दे.

अमेरिकेतल्या भाच्याला हे कळवले तेव्हा त्याने विचारले, की 'खरेदीदाराचा अधिभार' किती? तिकडे घरांच्या अशा लिलावांत बोलीवर आणखी काही टक्के रक्कम लिलाव चालवणारा घेतो. आमच्या जाहिरातीत तसे काही नव्हते. पण अधिभार नाही म्हणावा, तर एक दलाल आपण होऊन घरी आला. "बँकेत ओळख आहे, दोन टक्के द्या, काम करून देतो," म्हणाला. दोन टक्के म्हणजे सव्वा लाखाच्या वर. यांत करून देण्यासारखे काम काय, हे मी त्याला तीनदा विचारले. नोंदणी आपण करायची, पैसे आपण भरायचे, बोली आपण लावायची. तो चहा घेऊन गेला.

कर कापण्याचेही सांगून ठेवतो. किंमत पन्नास लाख किंवा वर असेल तर खरेदीदाराने एक टक्का कर कापून सरकारात भरायचा असतो. तो किमतीतूनच कापायचा, की वेगळा द्यायचा आणि कुणाच्या पॅन क्रमांकावर भरायचा, हे बँकेच्या अधिकाऱ्याकडून आधीच लेखी घ्यावे. आम्ही घेतले, किमतीतूनच कापायचा होता.

लिलाव माघ महिन्यात, सकाळी अकरा ते एक. आम्ही दहालाच संगणकापुढे बसलो. सौ.नी देवापुढे दिवा लावला. अकरा वाजले. साडेअकरा. पडद्यावर कुणीच नाही! बोलीदारांची नावे दिसत नाहीत; दिसते फक्त सर्वांत वरची रक्कम आणि ती तुमची आहे की नाही ते. पुतण्याला वाटले, आपण एकटेच आहोत. पण लिलावात शहाणी माणसे आधी बोलत नाहीत. आधी बोलले, की भाव आपणच चढवतो. बारा वाजून बावन्न मिनिटांनी पहिली बोली आली आणि मग काय विचारता!

जुन्या लिलावात 'तीनवार' झाले की संपले. इथे निराळीच गंमत आहे. शेवटच्या पाच मिनिटांत कुणी बोली वाढवली, की वेळ आणखी पाच मिनिटांनी पुढे सरकते. त्यात पुन्हा कुणी वाढवली, की पुन्हा पाच मिनिटे. शेवटच्या क्षणी गुपचूप हात मारून कुणी घर पळवू नये म्हणून ही योजना. ती न्यायाची आहे. पण माणसाच्या जिवाला ती वाईट. हातोड्याच्या लिलावात विचार करायला वेळ नसतो, म्हणून माणूस चुकतो. इथे पाच मिनिटे असतात, आणि त्या पाच मिनिटांत मन हजार कारणे शोधून काढते. लोकल जवळ आहे. सूनबाईंचे ऑफिस जवळ आहे. दागिने पुन्हा करता येतील. पन्नास हजारांनी काय बिघडते?

सूनबाईंचे मला कौतुक वाटले. प्रत्येक बोलीपूर्वी त्या आकडा अक्षरी वाचत. "एकोणसत्तर लाख पन्नास हजार," असे म्हणून मगच पुतण्या बटण दाबी. एक शून्य जास्त पडले तर ते मागे घेता येत नाही.

एक वाजून सोळा मिनिटांनी आमची बोली झाली ७० लाख ५० हजार. घड्याळ उलटे चालू लागले. चार मिनिटे, तीन, दोन. शेवटचे वीस सेकंद उरले असताना पडद्यावर आले, ७१,००,०००.

पुतण्याचा हात कळफलकावर गेला. त्याने सात टाइप केला, एक टाइप केला. मी कागद त्याच्यापुढे सरकवला नाही. मला धीर झाला नाही, खरे सांगायचे तर. त्या वेळी मलाही ते घर हवे होते. सूनबाईंनी त्याच्या हातावर हात ठेवला. पाच मिनिटे आम्ही चौघे त्या पडद्याकडे नुसते पाहत बसलो आणि घर गेले.

चार दिवस पुतण्या माझ्याशी नीट बोलला नाही. बयाण्याचे पैसे आठवड्याने खात्यात परत आले. सूनबाईंनी भाड्याच्या घराचा करार वाढवला.

आषाढात तीच जाहिरात पुन्हा छापून आली. तेच घर, तीच राखीव किंमत. मी बँकेच्या अधिकाऱ्याला विचारले, तर तो म्हणाला, "आधीच्या खरेदीदारानं बाकी भरली नाही."

याचा अर्थ हिशेबात सांगतो. बोली जिंकली, की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामाच्या दिवशी बयाण्यासह २५ टक्के भरावे लागतात. उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत. बँकेने लेखी मुदत वाढवली तर जास्तीत जास्त तीन महिने. तेवढ्यात पैसे आले नाहीत, तर भरलेले जप्त. ७१ लाखांचे २५ टक्के म्हणजे १७ लाख ७५ हजार! कर्ज वेळेवर मिळाले नाही, अशी सबब सांगून अशी जप्ती टळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ च्या एका निकालात पंचवीस टक्क्यांची जप्ती कायम ठेवली आहे. तो कोण होता आम्हांला ठाऊक नाही. पन्नास हजारांनी तो आमच्या पुढे गेला होता, एवढेच. त्या रात्री पुतण्या पुष्कळ उशिरापर्यंत गॅलरीत उभा होता.

या खेपेस आम्ही कर्जाची व्यवस्था आधी केली. तीही सोपी नाही. कर्ज देणारी बँक म्हणते, घराचे कागद आणा. कागद विकणाऱ्या बँकेच्या तिजोरीत. ती म्हणते, आधी पैसे आणा. या दोघींमध्ये मी आणि पुतण्या सहा आठवडे हेलपाटे घालीत होतो. शेवटी 'विक्री प्रमाणपत्र नोंदवून देण्याच्या अटीवर' अशी मंजुरी हातात पडली, तेव्हाच बयाणा भरला.

दुसऱ्या लिलावात आमच्याखेरीज एकच बोलीदार होता. घर ६६ लाख ५० हजारांना आमच्याकडे आले. बयाणा वजा जाता दुसऱ्याच दिवशी १० लाख २२ हजार ५०० भरले. बाकीच्या ४९ लाख ८७ हजार ५०० साठी सहा आठवड्यांची मुदत लेखी मागून घेतली, आणि ती संपण्याच्या नऊ दिवस आधी एक टक्का कर कापून रक्कम दिली. सोसायटीची थकबाकी दरम्यान ३ लाख १० हजारांवर गेली होती. तरी वरखर्च धरून एकूण बसले ७६ लाख २५ हजार ६००.

किल्ली मिळाली ती ऐन पितृपक्षात. सौ. म्हणाल्या, किल्ली घ्या, पण पाऊल दसऱ्याला टाका. दसऱ्याला आम्ही दार उघडले. वीज अजून आलेली नाही. बाकी भरली आहे, मीटर बसायचे आहे. स्वयंपाकघराच्या माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक सापडली. झाकणावर पांढऱ्या रंगात नाव घातलेले. बँकेच्या यादीत ती राहून गेली होती. जंगम वस्तू विक्रीत येत नाही, ती ज्याची त्याला द्यायची. अधिकाऱ्याने कर्जदाराला दोन पत्रे पाठवली, उत्तर नाही.

सूनबाईंनी सगळा माळा धुऊन घेतला आणि ट्रंक पुसून पुन्हा तिथेच ठेवली. तिसरे पत्र मी स्वतः लिहून परवा स्पीड पोस्टाने टाकले आहे.